सारंगखेड्याच्या यात्रेआधी रिंगणाची जमीन: तयारीची यादी

तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला भरते आणि तिथल्या घोडेबाजारात न्यायचा घोडा त्याआधी काही आठवडे रोज फिरवावा लागतो. म्हणून रिंगणाच्या, म्हणजे घोडा फिरवायच्या वाळूच्या आवाराच्या, जमिनीचे काम परतीचा पाऊस थांबताच हाती घ्यावे. वाळूची गाडी मागवणे हे या कामातले शेवटचे पाऊल आहे. आपल्याकडे बहुधा तेच पहिले उचलले जाते आणि दोन पावसाळ्यांत ती वाळू काळ्या मातीच्या पोटात जाते.

शेवटचा जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी रिंगणात जाऊन पाणी साचलेल्या जागी खुंट्या ठोकाव्यात, कारण जमीन सुकल्यावर ते खोलगट भाग डोळ्यांना दिसत नाहीत. त्यानंतर कडेला, मध्ये आणि कोपऱ्यांत फावड्याने लहान खड्डे घेऊन वाळूखाली काय आहे ते पाहावे. कठीण, सपाट मुरूम लागला तर पाया शाबूत आहे आणि वरचे काम पुरेल. वाळूत काळी ढेकळे आलेली दिसली तर मात्र पाया फुटला आहे असे समजावे. खानदेशातली काळी कसदार माती कपाशीला चांगली असली तरी ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेला कोणताही थर स्थिर राहत नाही. अशा ठिकाणी ती फूटभर तरी काढून मुरूम भरावा, तोही एकदम न ओतता अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी पाणी मारून रोलरने दाबत; आणि माती वर चढू नये म्हणून मुरुमाखाली जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरावे. हा खर्च वाळूपेक्षा जास्त वाटतो, पण वाचवायचाच असेल तर तो कुंपणात वाचवावा. उतार एकाच बाजूला साधारण 1 टक्का पुरतो, म्हणजे 20 मीटर रुंदीला 20 सेंटिमीटर. खालच्या कडेला चर काढून पाणी बाहेर न्यावे आणि वरच्या बाजूला शेतातून येणारे पाणी अडवणारा चर त्याआधी खणावा.

आता वाळू. नदीची गोटीव वाळू टापेखाली घरंगळते, तर क्रशरच्या, म्हणजे यंत्रात दगड फोडून केलेल्या, वाळूचे कोनदार कण एकमेकांत अडकून पकड देतात. मात्र तिच्यात डस्ट (दगडाची भुकटी) जास्त असेल तर तीच धूळ घोड्याच्या आणि स्वाराच्या छातीत जाते, म्हणून धुतलेलीच मागावी. पारख सोपी आहे: काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा वाळू घालून पाण्याने भरावी, जोराने हलवून रात्रभर ठेवावी आणि सकाळी वर बसलेल्या गाळाचा थर पाहावा. तो बारीक रेघेपेक्षा जाड असेल तर गाडी परत पाठवावी. वाळू कोणतीही असो, वाहतुकीचा परवाना पाहूनच उतरवून घ्यावी. 20 बाय 40 मीटरच्या रिंगणाला 5 सेंटिमीटर थरासाठी 40 घनमीटर, म्हणजे सुमारे 14 ब्रास वाळू लागते. पहिल्यांदा एवढीच टाकावी. कमी पडली तर वाढवता येते, जास्त झालेली काढणे जिवावर येते. खोल वाळूत घोड्याच्या पायाच्या कंडरा (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या) ताणल्या जातात आणि कडक जमिनीवर खुरांना व सांध्यांना हादरे बसतात. लाकडाचा भुसा किंवा पऱ्हाटीचा चुरा मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण दोन्ही कुजून त्यांची धूळच होते.

पाण्याची सोय आधीच करून ठेवावी. ठिबकचा इथे उपयोग नाही. शेतातला तुषार संच किंवा रेनगन चालते. 800 चौरस मीटरवर 5 मिलिमीटर पाणी म्हणजे 4,000 लिटर, साधारण एक टँकर. ते संध्याकाळी द्यावे म्हणजे रात्रभर मुरते. सकाळी मूठभर वाळू दाबून पाहावी: मूठ उघडल्यावर गोळा टिकावा आणि बोट लावताच फुटावा. ओल धरण्यासाठी काही जण मीठ टाकतात, पण त्याने खूर कोरडे पडतात आणि लोखंड गंजते, म्हणून मी ते सुचवत नाही.

सपाटीसाठी वखर लावू नये. त्याची पास (आडवे लोखंडी पाते) वाळूतून थेट मुरुमात शिरते आणि कष्टाने दाबलेला पाया उकरते. ट्रॅक्टरमागे जड फळी किंवा उथळ दात्यांची जाळी लावून, फेऱ्यांची दिशा दर वेळी बदलत फिरवावी. टापांनी उडालेली वाळू कडेला साचून पाण्याची वाट अडवते, ती आधी फावड्याने आत ओढावी. मग खुणा केलेली सळई ठिकठिकाणी रोवून थराची खोली मोजावी. फरक सेंटिमीटरभराहून जास्त असेल तिथे पुन्हा हात फिरवावा.

घोडा आत घेण्याआधी वेड्या बाभळीचे काटे, काचा आणि नालाचे खिळे वेचावेत. खिळ्यांसाठी दोरीला बांधलेला मोठा लोहचुंबक वाळूवरून ओढला की काम लवकर होते. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो, तेव्हा लसीची तारीखही याच वेळी तपासून घ्यावी. लीद रोजच्या रोज उचलावी, वैरण रिंगणात टाकू नये, कारण तिच्याबरोबर पोटात गेलेल्या वाळूने पोटशूळ होतो. आणि दोरीवर गोल फिरवण्याची जागा दररोज बदलावी, नाहीतर महिन्याभरात तिथे खळगा पडतो.