अमेरिकेचे जुने बंदुकीचे कायदे वाचायचेत? मग 'बंदूक' शोधू नका

२०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ब्रुएन केसमध्ये सांगितलं की बंदुकीवरचा आजचा निर्बंध टिकवायचा असेल तर तो देशाच्या जुन्या परंपरेत बसतो हे सरकारने दाखवायचं. झालं, तेव्हापासून वकील, प्रोफेसर आणि माझ्यासारखे हौशी लोक सगळे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची कायद्याची पुस्तकं उपसत बसलेत. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मागच्या सूचीत 'आर्म्स' शोधलं, फारसं काही मिळालं नाही, आणि मनात म्हटलं चला, त्या काळी मोकळं रान होतं. साफ चुकलो होतो. तुम्ही चुकू नये म्हणून हे लिहितोय.

आधी सूचीचं बघू. बंदुकीचे खरे कडक नियम बंदुकीच्या प्रकरणात नसतातच, ते गुलामांच्या प्रकरणात असतात. व्हर्जिनियाचा १८१९ चा रिव्हाइज्ड कोड, म्हणजे सुधारून एकत्र छापलेले कायदे, काढा आणि गुलाम, 'फ्री निग्रो' आणि 'मुलॅटो' (मिश्रवंशीय) यांच्याबद्दलचे कायदे जिथे एकत्र केलेत तिथे जा, हत्यारांची कलमं तिथे सापडतील. (हे शब्द कायद्यातलेच आहेत म्हणून तसेच ठेवलेत, आपण बोलताना वापरायचे नाहीत.) तसंच मिलिशिया (सामान्य नागरिकांची फौज), शिकार आणि चक्क कुत्रे हेही बघा. मेरीलँडने १८०६ मध्ये कृष्णवर्णीयांनी कुत्रे पाळणं आणि बंदुका बाळगणं एकाच कायद्यात गुंडाळलं होतं.

दुसरं, सुरुवातीला एकच राज्य धरा आणि त्याची सगळी वर्षं ओळीने लावा, दहा राज्यांचा एकेक कायदा उचलून काही कळत नाही. मी व्हर्जिनिया घ्या म्हणतो, कारण हेनिंग नावाच्या माणसाने तिथले १६१९ पासूनचे कायदे १३ खंडांत छापून ठेवलेत आणि त्यांचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात.

तर १६४० चा कायदा बघा, एका वाक्याचा आहे. निग्रो सोडून बाकी सगळ्यांनी हत्यारं आणि दारूगोळा बाळगायचा, नाहीतर दंड. इथे घाई करू नका हां. लोक हे वाक्य 'बंदी' म्हणून फिरवतात, पण त्यात बंदी लिहिलेलीच नाही, उलट बंदूक *नसल्याचा* दंड आहे आणि त्या सक्तीतून एका गटाला बाहेर काढलंय. सरळ बंदी येते १६८० मध्ये, उठाव रोखायच्या नावाखाली: कृष्णवर्णीयांनी किंवा इतर गुलामांनी काठी, सोटा, बंदूक, तलवार काही म्हणजे काही जवळ ठेवायचं नाही, मालकाच्या जमिनीबाहेर चिठ्ठीशिवाय जायचं नाही, नाहीतर उघड्या पाठीवर २० फटके. पुढे १७२३ मध्ये नेटिव्ह अमेरिकन लोकही यादीत आले, पण स्वतंत्र असून घर चालवणाऱ्याला किंवा मिलिशियात नाव असलेल्याला एक बंदूक ठेवायची सूट होती. मग १८०० साली रिचमंडजवळ गेब्रियल नावाच्या गुलामाचा उठावाचा कट फुटला आणि १८०६ मध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही काउंटी (जिल्हा) कोर्टाचं लायसन्स लागायला लागलं, आणि नुसतं बंदुकीला नाही तर बारूद आणि शिशाला पण. म्हणजे भिंतीवर जुनी बंदूक टांगलेली असेल, पण बार भरायचा कशाने? शेवटी ऑगस्ट १८३१ मध्ये व्हर्जिनियातल्याच साउथॅम्प्टन काउंटीत नॅट टर्नर या गुलामाचा उठाव झाला आणि १८३२ मध्ये लायसन्सची सोयच काढून टाकली, स्वतंत्र असलात तरी बंदूक नाही म्हणजे नाही. ओळीने लावलं की दिसतं, आधी फट ठेवायची, मग फटीला दार, मग दाराला कुलूप.

राज्यघटना वाचताना मात्र एकेका शब्दावर बोट ठेवा. टेनेसीच्या १७९६ च्या घटनेत हत्यारं बाळगायचा हक्क 'फ्रीमेन'ना होता, १८३४ च्या घटनेत तिथे 'फ्री व्हाइट मेन' आलं. बाकी वाक्य जवळपास तेच आहे, वरवर वाचणाऱ्याच्या हातून हमखास निसटतं. आर्कान्साने १८३६ मध्ये आणि फ्लोरिडाने १८३८ मध्ये पहिल्याच घटनेत 'व्हाइट' घालून टाकलं. आणि हे फक्त दक्षिणेकडच्या राज्यांचं पाप असं समजू नका, अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, १७९२ च्या मिलिशिया कायद्यातही १८ ते ४५ वयाचे 'फ्री' आणि 'व्हाइट' पुरुष नागरिकच आहेत.

कायद्याबरोबर कोर्टाचे निकालही वाचा, तिथे न्यायाधीश मनातलं बोलून जातात. जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टाने १८४६ मध्ये नन (Nunn) केसमध्ये हत्यारांच्या हक्कावर एवढं भारी भाषण ठोकलंय की आजही बंदूकवाले ते मिरवतात. त्याच कोर्टाने दोनच वर्षांनी, सॅव्हाना शहराच्या केसमध्ये, स्वतंत्र कृष्णवर्णीयांना इथे कधी नागरिक मानलेलंच नाही, त्यांना हत्यारं बाळगायचा हक्क नाही असं लिहून टाकलं. नॉर्थ कॅरोलिनाची १८४४ ची न्यूसम केसही याच वळणाची. दोन्ही बाजू जोडीने वाचल्याशिवाय 'परंपरा' म्हणून काही कोट करू नका.

गुलामगिरी गेल्यावर प्रकरण मिटलं असंही नाही. मिसिसिपीचा नोव्हेंबर १८६५ चा कायदा बघा, काउंटीच्या बोर्डाचं लायसन्स नसेल तर कृष्णवर्णीय माणसाला बंदूक, दारूगोळा, बोवी सुरा काही ठेवता येत नव्हतं, १० डॉलरपर्यंत दंड, आणि जप्त झालेली बंदूक कोणाला मिळणार तर चुगली करणाऱ्याला. शेजाऱ्याची बंदूक आवडली तर काय करायचं, कायद्यानेच सांगून ठेवलं म्हणायचं.

पुढे १८६८ मध्ये कायद्यापुढे सगळे समान म्हणणारी चौदावी घटनादुरुस्ती आली आणि वंशाचे शब्द कागदावरून गायब झाले, आता खरी गंमत. फ्लोरिडाच्या १८९३ च्या कायद्यात रिपीटिंग रायफलला (पुन्हा न भरता एकामागोमाग बार उडवणारी) लायसन्स आणि त्यासाठी १०० डॉलरचा बाँड (हमीपत्र), वंशाचा अवाक्षरही उल्लेख नाही. पण १९४१ मध्ये तिथल्याच एका न्यायाधीशाने वेगळं मत लिहिताना सरळ सांगितलं की हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करायला होता, गोऱ्यांना लावायचा विचारच नव्हता. म्हणून फी, बाँड, 'योग्य व्यक्ती' असले शब्द दिसले की अंमलबजावणी बघा. आपल्याकडचा १८७८ चा शस्त्र कायदा आठवा, युरोपियनांना मोकळीक होती ती मूळ कायद्यात नाही, नियमांमधून दिलेली.

शोधतानाच्या दोन खाचाखोचा. १८व्या शतकातल्या छपाईत लांब 'एस' असायचा, तो कॉम्प्युटर 'एफ' म्हणून वाचतो, त्यामुळे 'स्लेव्ह' शोधलं तर मिळत नाही, 'फ्लेव्ह' टाका आणि बघा. 'गन'सोबत 'फायरलॉक' (बंदुकीचाच जुना शब्द) पण टाका. आणि इंग्रजांच्या राज्यात १७५२ च्या आधी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून व्हर्जिनियाचा तो पहिला कायदा कुठे १६३९ तर कुठे १६४० दिसेल, दोन कायदे समजून मोजू नका, मी मोजले होते.

शेवटी एक एक्सेल शीट करा. वर्ष, कोणाला लागू, कशावर बंदी, शिक्षा, आणि एक जास्तीचा रकाना: परवानगी कोण देणार. साउथ कॅरोलिनाच्या १७४० च्या कायद्यासमोर तिथे मालक येतो, व्हर्जिनियाच्या १८०६ समोर काउंटी कोर्ट, मिसिसिपीसमोर बोर्ड. डेलावेअरने १८३२ मध्ये मॅजिस्ट्रेटच्या लायसन्सआधी आसपासच्या पाच 'प्रतिष्ठित' नागरिकांचं लेखी सर्टिफिकेट मागितलं होतं, ते त्या रकान्यात एका ओळीत मावत नाही, सेल जरा मोठा ठेवा.