दुधाची दाढ किडली तर काय करावे?

मुलाची दाढ किडल्याचे कळले की घरातील वडीलधारी मंडळी बहुधा एकच सांगतात: दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत. पुढच्या दातांच्या बाबतीत हे फार तर सहाव्या-सातव्या वर्षी खरे ठरते. दुधाच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ आपोआप पडेल म्हणून थांबायचे, तर मुलाने तोवर ठणका, सूज आणि एकाच बाजूने चावणे सोसायचे. शिवाय ती वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि नंतर येणारा पक्का दात वाकडा येतो.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसतो आणि त्याच दिवसापासून तो मऊ, लहान ब्रशने घासायला हवा. तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दिसते, तिचे अनुकरण करू नये. मुलाचे डोके आपल्या मांडीवर घेऊन, ओठ बोटाने वर उचलून घासले, तर मागच्या दाढाही नीट दिसतात. मूल ‘मी स्वतः करतो’ म्हणाले तरी सात-आठ वर्षांचे होईपर्यंत शेवटचा हात पालकांनीच फिरवावा. दोन वेळांपैकी रात्रीची वेळ चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांवर राहिलेला गोडवा धुऊन जात नाही. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात आधी किडतात ते यामुळेच. रात्री ब्रश झाल्यावर पाण्याखेरीज काहीही देऊ नये.

महिन्यातून एकदा उजेडात ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप आणि नीट घासणे एवढ्याने कीड थांबवता येते. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे पक्क्या दातांवरचे पांढरे चट्टे किडीऐवजी या जास्तीच्या फ्लोराइडमुळेही असू शकतात, म्हणून पेस्ट किती व कोणती वापरावी हे दंतवैद्यांना विचारूनच ठरवावे.

सहाव्या वर्षी एकही दुधाचा दात न पडता सर्वांत मागे एक नवी दाढ येते. ती दुधाचीच समजून दुर्लक्षिली जाते, वास्तविक ती आयुष्यभराची असते. तिच्या खोल खाचा सीलंटने, म्हणजे दातावर घट्ट बसणाऱ्या पातळ थराने, बुजवून घेणे शक्य असेल, तर जरूर घ्यावे.

खड्डा लहान असेल तर भरणे पुरते. कीड नसेपर्यंत पोहोचली असेल, तर नसेवर उपचार करून दाढेवर स्टीलची टोपी बसवतात. ती चकाकते, पण दाढेबरोबरच पडते. दाढ काढावीच लागली, तर जागा राखणारी तार लावावी लागेल का, हे तेव्हाच विचारावे. ठणका अचानक थांबून हिरडीवर पुटकुळी आली, तर दाढ बरी झाली असे मानू नये: बहुधा आतली नस मेलेली असते. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुखऱ्या दाढेपाशी ॲस्पिरिनची गोळी किंवा लवंगेचे तेल ठेवू नये, हिरडी भाजते.

‘ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक घरात वर्षभर चालवला, तर दवाखान्यात मूल तोंड उघडत नाही. उपचारासाठी सकाळची, झोप झालेली वेळ घ्यावी. सुईने बधिर केल्यावर दोन-तीन तास मूल स्वतःचा ओठ चावत नाही ना याकडे लक्ष ठेवावे आणि बधिरपणा उतरेपर्यंत गरम किंवा चावून खायचे काही देऊ नये.