लाइटस्पीडचं लायसन्स घेताय? या चुका टाळा

लाइटस्पीड म्हणजे साइटची पानं लोकांपर्यंत पोचवणारं विकतचं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर. त्यांनी 2018 ला 5.3 व्हर्जन आणलं आणि त्याच्यासोबत लायसन्सची सगळी मांडणीच बदलून टाकली. आता 6 ची व्हर्जनं चालू आहेत, मधे एवढी वर्षं गेली, तरी लोक अजून त्याच खड्ड्यात पडतायत. दर महिन्याला एक तरी मेसेज येतो, "दादा काहीच केलं नव्हतं, नुसता सर्व्हर रिस्टार्ट केला आणि साइट गेली". काहीच केलं नव्हतं म्हणणाऱ्या माणसानं नक्की काहीतरी केलेलं असतं, हा माझा आजवरचा अनुभव.

आधी काय बदललं ते थोडक्यात. पूर्वी 1-सीपीयू, 2-सीपीयू, 4-सीपीयू अशी लायसन्स असायची, आणि छोट्यांसाठी व्हीपीएस आणि अल्ट्रा व्हीपीएस (व्हीपीएस म्हणजे भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर). नवीन पद्धतीत तीन गोष्टी मोजतात: डोमेन किती, मशीनची रॅम किती, आणि वर्कर, म्हणजे लाइटस्पीडच्या स्वतःच्या प्रोसेस, किती. फ्री स्टार्टर फुकट आहे पण 1 डोमेन आणि 2 जीबी रॅमपर्यंतच. साइट ओनरला 5 डोमेन आणि 8 जीबी, त्यातल्या प्लसला रॅमची अट नाही. वेब होस्ट लाइटला डोमेन कितीही चालतात पण रॅम परत 8 जीबीच. त्याच्या वर एसेन्शियल, प्रोफेशनल, एंटरप्राइज, त्यांना डोमेन-रॅमची भानगड नाही, फक्त वर्कर अनुक्रमे 1, 2 आणि 4. एवढंच आहे. पाच मिनिटांचं वाचन आहे, पण लोक पेज उघडतात, किमतीच्या ओळीवर जातात, सगळ्यात स्वस्त बघतात आणि कार्ड काढतात.

आता रॅमची चूक, कारण या चुकीनं माझी एक आख्खी दिवाळी खाल्लीये. येवल्याचे एक पैठणीवाले माझे क्लायंट, ऑनलाइन दुकान वूकॉमर्सवर, 8 जीबीचा व्हीपीएस, सीपॅनल (सर्व्हर सांभाळायचं पॅनल), त्यावर वेब होस्ट लाइट. सगळं मस्त चाललेलं. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री ट्रॅफिक वाढलं, साइट जरा जड झाली, आणि शेठच्या पुतण्यानं (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे सगळं येतं) मला न विचारता व्हीपीएसच्या पॅनलमधून रॅम 8 ची 16 केली. बटण दाबलं, मशीन रीबूट झालं, आणि साइट परत आलीच नाही. रात्री अडीचला शेठचा फोन, "साहेब, रॅम वाढवली तर दुकान फास्ट व्हायला पाहिजे ना, हे तर शटर पडलं".

मी लॉगिन केलं, एमवायएसक्यूएल (डेटाबेस) चालू, एसएसएच (दुरून लॉगिन) चालू, डिस्कला जागा आहे, पण पोर्ट 80 आणि 443 वर, म्हणजे साइटच्या दरवाजांवर, कोणीच नाही. लाइटस्पीड सुरूच होत नव्हता. एरर लॉगचं शेपूट बघितलं तर लायसन्सची तक्रार. 8 जीबीचं लायसन्स, मशीन 16 जीबीचं, विषय संपला. इथं लक्षात घ्या, लाइटस्पीड स्वतः किती रॅम खातो ते मोजत नाहीत, तो बिचारा फार खातही नाही, मोजतात ती आख्ख्या मशीनची रॅम. हे किती जणांना सांगितलंय आणि किती जण "पण दादा आपण तर 3 जीबीच वापरतोय" म्हणून वाद घालतात त्याला हिशोब नाही.

अशा वेळी माझी सवय एकच: आधी दुकान उघडा, मग कारण शोधा. लाइटस्पीडच्या सीपॅनल इन्स्टॉलमध्ये वेब सर्व्हर बदलायची स्क्रिप्ट असते, ती चालवून मी अपाचीवर (फुकटचा, जुना वेब सर्व्हर) आणलं, मिनिटाभरात साइट उभी. लाइटस्पीडची कॅश (तयार पानांचा साठा) गेल्यामुळे हळू होती, पण होती. मग क्लायंट एरियात (लाइटस्पीडच्या साइटवरच्या खात्यात) जाऊन लायसन्स एसेन्शियलला अपग्रेड केलं, सर्व्हरवर परत रजिस्टर करायची कमांड मारली, आणि स्क्रिप्टनं परत लाइटस्पीडवर. पहाटे चार वाजले. पुतण्याचा मेसेज आला, "सर मग रॅम परत 8 करू का?" मी फोन उलटा करून ठेवला.

तेव्हापासून मी कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी फ्री नावाची कमांड मारून आत्ताची रॅम बघतो, शेजारी लायसन्सचा प्रकार उघडा ठेवतो, आणि वाढवायची असेल तर लायसन्स आधी, रॅम नंतर.

दुसरी चूक बरोबर उलटी आहे, ज्यात माणूस गरजेपेक्षा जास्त पैसे घालतो. वर्कर म्हणजे कोअर नव्हे! 16 कोअरचं मशीन आहे म्हणून 4 वर्करचं एंटरप्राइज घेतलं असं अभिमानानं सांगणारे मला भेटतात. अरे वर्कर म्हणजे लाइटस्पीडची स्वतःची प्रोसेस, जी कनेक्शन घेते, एसएसएल करते, स्टॅटिक फाइल आणि कॅशमधलं पान देते. अशी एक प्रोसेस एका वेळी हजारो कनेक्शन सांभाळते. तुमचं पीएचपी त्याच्यात मोजतच नाहीत, ते एलएसपीएचपी म्हणून वेगळं चालतं आणि सगळे 16 कोअर खुशाल वापरतं, डेटाबेस पण तसाच. जुन्या नावात सीपीयू शब्द होता त्यानं हा गोंधळ आणखी वाढवला, तेव्हाही 2-सीपीयू म्हणजे दोन प्रोसेस एवढंच होतं.

एका एजन्सीनं मला "वर्कर कमी पडतायत, साइट स्लो आहे" म्हणून बोलावलं होतं. टॉप लावला (कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड) आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. सगळ्यात वर एमवायएसक्यूएल, तीनशे टक्क्यांच्या पुढे (एका कोअरचे शंभर धरतात). त्याखाली एलएसपीएचपीच्या वीसेक ओळी. लाइटस्पीडची प्रोसेस शोधायला खाली यावं लागलं, सात टक्के. डेटाबेसच्या एका टेबलला इंडेक्स नव्हता, तो टाकला, साइट पळायला लागली, आणि पुढच्या महिन्यात ते 4 वर्करवरून 1 वर आले. लाइटस्पीडची एकच प्रोसेस तासन्‌तास शंभर टक्क्यांना चिकटून बसलेली दिसली तरच दुसरा वर्कर घ्या. मी तसं शेअर्ड होस्टिंगच्या भरलेल्या सर्व्हरवरच बघितलंय, एका दुकानाच्या साइटवर कधीच नाही.

मग येतात "दादा ओपनलाइटस्पीड तर फुकट आहे की" वाले. आहे, जीपीएल म्हणजे मुक्त वापराचं लायसन्स आहे, आणि चांगला आहे, मी स्वतः वापरतो. पण तो विकतच्या लाइटस्पीडसारखा अपाचीच्या जागी जसाच्या तसा बसत नाही. डॉट एचटीअ‍ॅक्सेसमधले (साइटच्या फोल्डरमधली नियमांची फाइल) रीराइट नियम, म्हणजे लिंक वळवायचे नियम, तो वाचतो, तेही फाइल बदलली की रिस्टार्ट केल्यावर, पण फोल्डर बंद करायला आपण जे डिनाय फ्रॉम ऑल लिहून ठेवतो ते त्याच्या खिजगणतीत नाही. पैसे वाचवायला म्हणून एका पठ्ठ्यानं एका रात्रीत दहा साइट हलवल्या, पानं उघडतात म्हणून झोपला. दुसऱ्या दिवशी तो "बघा ना चेक करून" म्हणाला म्हणून मी फोनवरून बॅकअप प्लगइनच्या फोल्डरची लिंक टाकली, तर आख्ख्या साइटची झिप फाइल डाउनलोड व्हायला लागली. डेटाबेससकट. अपाचीवर तीच लिंक 403, म्हणजे प्रवेश बंद, देत होती. त्यामुळे हलवायचंच असेल तर प्रत्येक साइटची डॉट एचटीअ‍ॅक्सेस उघडून एकेक ओळ वाचा, आणि बंद असायला पाहिजेत ती फोल्डरं हातानं उघडून बघा. कंटाळा येतो, माहितीये. कंटाळा येत असेल तर साइट ओनरचे पैसे भरा.

बाकीच्या चुका पटापट.

लायसन्स सर्व्हरच्या आयपीला बांधलेलं असतं. नवीन मशीनवर जाताना नुसती सिरियल नंबरची फाइल कॉपी करून होत नाही, क्लायंट एरियातून आधी सोडवून घ्यावं लागतं. आणि हे शुक्रवारी संध्याकाळी करू नका.

फायरवॉल कडक करायच्या उत्साहात बाहेर जाणारं सगळं बंद करणारे, तुमचा सर्व्हर लायसन्स तपासायला बाहेर बोलतो हो.

डोमेन मोजताना चालू साइटच मोजू नका, दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या क्लायंटचं डोमेन आणि तुमची टेस्टिंगची साइट पण कॉन्फिगमध्ये पडलेली असते.

ट्रायल 15 दिवसांची असते. सोळाव्या दिवशी फोन करणाऱ्यांना मी आता उचलत नाही.

दोनशे रुपयांत मिळणारं "शेअर्ड लायसन्स", यावर मी बोलणार नाही, कोणाची तरी स्क्रिप्ट रूटनं, म्हणजे सर्व्हरचे सगळे हक्क देऊन, चालवताय एवढं कळत असेल तर बघा.

आणि शेवटची, आपल्याकडची खास. बिल डॉलरमध्ये आणि कार्ड इथलं. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डवरचं ऑटो डेबिट ई-मँडेट (तुम्ही आधी दिलेली ऑनलाइन मंजुरी) असल्याशिवाय जात नाही, त्यामुळे "ऑटो रिन्यू चालू आहे" याच्यावर विसंबू नका. पेमेंट फेल झाल्याचा मेल ज्या आयडीवर जातो तो आयडी सोडून गेलेल्या मुलाचा असतो, हमखास. मी प्रत्येक लायसन्सची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये पाच दिवस आधी टाकून ठेवतो आणि हातानं भरतो. जीएसटी नंबर असेल तर त्या बिलावर रिव्हर्स चार्जचे (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं भरायच्या जीएसटीचे) 18 टक्के पण येतात, सीएला आधीच सांगा, मार्चमध्ये नको. येवल्याच्या शेठचं रिन्यूअल पण माझ्याच कॅलेंडरमध्ये आहे, आणि व्हीपीएसच्या पॅनलचा पासवर्ड आता पुतण्याकडे नाही.