"एआयनंच सांगितलंय" म्हणण्याआधी या चुका टाळा

ऑनलाइन चर्चा रंगात आली की कुणीतरी चॅटजीपीटीचं लांबलचक उत्तर आणून चिकटवतं. वर एकच ओळ: "हे घ्या, वाचा." त्यानंतर मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि सगळे त्या उत्तराची उकल करत बसतात. चिकटवायला दहा सेकंद, खोडायला तासभर!

पहिली चूक सफाईदार भाषेला भुलण्याची. चॅटजीपीटीसारखी एआय मॉडेल्स पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशेबानं वाक्यं रचतात. माणूस खात्री नसली की चाचरतो, "बहुतेक" म्हणतो. इथे बरोबर आणि चूक एकाच ठाम सुरात येतात. प्रोग्रामरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या साइटनं डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीच्या उत्तरांवर बंदी घातली, ती याच कारणानं: उत्तरं दिसायला चोख, पण चुकीची फार.

दुसरी चूक मला सगळ्यात घातक वाटते: एआयच्या उत्तराची खात्री एआयकडूनच करून घेणं. न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी असे सहा निवाडे दाखवले, जे कधी झालेच नव्हते. ते चॅटजीपीटीनं रचलेले होते. त्यातल्या एका वकिलानं त्यालाच विचारलंही होतं, की हे खरे आहेत ना? ते "हो" म्हणालं, वर नावाजलेल्या कायदेविषयक डेटाबेसमध्ये सापडतील असंही सांगून मोकळं झालं. डेटाबेस उघडून बघायचे मात्र राहिले. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. आपल्या वादात दंड होत नाही, एवढाच काय तो फरक.

प्रश्नातच उत्तर पेरणं ही तिसरी. "मोबाइलची बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज का करावी?" असं विचारलंत, तर कारणांची यादी मिळण्याचा धोका असतो. खरं तर हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरींच्या काळातला. आजच्या मोबाइलमधली लिथियम-आयन बॅटरी वारंवार शून्यावर नेली तर उलट लवकर झिजते. तोच प्रश्न "बॅटरी जास्त टिकण्यासाठी चार्जिंग कसं करावं?" असा टाकून बघा. समोरचाही त्याच यंत्राकडून आपल्या बाजूचं उत्तर आणू शकतो, हे लक्षात असू द्या.

"पण त्यानं लिंक दिलीय की!" लिंक उघडा. पान आहे का, आणि त्यात तेच लिहिलंय का, हे बघा. मे २०२४ मध्ये गूगलवर शोधलं की वर दिसणाऱ्या एआय सारांशानं पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळायला सुचवलं होतं. त्याचं मूळ निघालं रेडिट या चर्चेच्या साइटवरची एक जुनी थट्टेची कॉमेंट. म्हणजे तुम्ही आज चर्चेत टाकलेलं चुकीचं उत्तरही उद्या कुणाचा तरी "स्रोत" होऊ शकतं.

एआय वापरूच नये असं नाही; मीही वापरतो. पण सगळं उत्तर चिकटवण्यापेक्षा तुमचा मुद्दा ज्या एका विधानावर टेकलाय तेवढं मूळ जागी तपासा, आणि आपल्या शब्दांत लिहा. लिहिताना अडखळलात, तर तो भाग तुम्हालाच कळलेला नाही.

आणि चुकीचं उत्तर टाकून झालं असेल तर? गुपचूप डिलीट करू नका, त्याखालचे प्रतिसाद अधांतरी राहतात. पोस्टच्या वरच लिहा: हे एआयचं होतं, अमुक विधान चुकलंय, बरोबर माहिती ही.