हाताने घडवलेल्या क्यूची, म्हणजे पूल खेळायच्या काठीची, किंमत कशी लावायची?

मेपलचे लाकूड, टोकाची चामड्याची टिप, दोन भाग जोडणारा जॉइंट एवढाच हिशेब धरू नका. शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, एका दमात कातला तर वाकतो. म्हणून मी थोडा थोडा उतरवतो आणि मधे आठवडेच्या आठवडे टांगून ठेवतो. मिरजेचे सतारवालेही न मुरलेल्या लाकडाला हात लावत नाहीत. तरी काही वाकतातच. त्या वाया गेलेल्या लाकडाचा भार चांगल्या क्यूवर टाका. मजुरी तासावर, ओळखीच्यांनाही. 'आपलाच माणूस' सांगलीत गल्लोगल्ली असतो!

जाहिरात? एक क्यू विश्रामबागेतल्या पूल पार्लरमध्ये खेळायला ठेवा. सोबत चिठ्ठी: वजन १९ औंस, टिप १३ मिलिमीटर. टेबलावर शाफ्ट लोळवून सरळपणा दाखवणारा व्हिडिओ नक्षीच्या फोटोपेक्षा जास्त गिऱ्हाईक आणतो. वर्षात वाकला तर बदलून देऊ, हे बिलावरच लिहा.