बेळगावहून धारवाड: एका दिवसात विद्यानगरी कशी बघावी

बेळगावकर धारवाडला दोनच कारणांनी जातो: लग्नकार्य नाहीतर कोर्टकचेरी. येताना पेढ्याचा डबा आणला की धारवाड झालं. मला हे फार खटकतं. जेमतेम ७५-८० किलोमीटरवर एक अख्खं कॉलेजचं गाव आहे. तिथे अजून संथ चालता येतं, रिक्षावाला ‘बर्री’ म्हणून बोलावतो, आणि मराठी माणसाला घरचे वाटावेत असे धागे जागोजागी सापडतात. फक्त दिवस नीट आखायला हवा.

आधी वार ठरवा

धारवाडला रविवारी जाऊ नका. आम्ही पहिल्यांदा रविवारीच गेलो. कॉलेजांच्या आवारात चिटपाखरू नव्हतं, बघायचं ठरवलेलं सगळं बंद होतं, आणि मुलं दुपारी दोनलाच ‘घरी कधी जायचं’ विचारायला लागली. हे गाव विद्यार्थ्यांवर चालतं. पुस्तकांची दुकानं, झेरॉक्सवाले, चहाचे गाडे, खानावळी, सगळं त्यांच्या वेळापत्रकावर. म्हणून मंगळवार ते शुक्रवारमधला दिवस धरा. एप्रिल-मेमध्ये परीक्षा आणि सुट्ट्या असतात, तेव्हा टाळा. माझ्या मते ऑगस्ट ते जानेवारी उत्तम. श्रावणात गेलात तर छत्री घ्या. पाऊस आपल्याकडच्यासारखा कोसळत नाही, पण झिमझिम दिवसभर चालते.

जायचं कसं

बस सगळ्यात सोयीची. मध्यवर्ती बसस्थानकावरून हुबळी-धारवाडच्या गाड्या दिवसभर सुटत असतात, दीड-दोन तासांत पोचवतात. एक गोष्ट मात्र चढण्याआधी कंडक्टरला विचाराच: गाडी धारवाड स्टँडवर जाते की बायपासने पुढे निघते? लांब पल्ल्याच्या काही गाड्या गावात शिरतच नाहीत. कर्नाटकातल्या रहिवासी बायकांना शक्ती योजनेमुळे साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये तिकीट पडत नाही, पण कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार कार्डासारखं सरकारी ओळखपत्र जवळ पाहिजे. कोल्हापूर-पुण्याहून आलेल्या पाहुण्या मावशीला मात्र तिकीट काढावं लागेल.

रेल्वेचा रस्ता लोंढा-अळणावरवरून वळसा घेऊन जातो. पावसाळ्यात तो प्रवास सुंदर आहे, पण एका दिवसाच्या फेरीत वेळ खातो.

सकाळी सातच्या आत निघा आणि उजवीकडच्या खिडकीशी बसा. डावीकडे ऊन तोंडावर येतं. हिरेबागेवाडी, मग एम. के. हुबळीला मलप्रभेचा पूल, मग कित्तूर. कित्तूरला उतरायचा मोह होईल, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. उतरू नका. राणी चन्नम्माचा किल्ला आणि तिथलं संग्रहालय दोन तासांत उरकण्याची गोष्ट नाही, त्यासाठी वेगळा दिवस काढा. जाताजाता मुलांना एवढं सांगा, की १८२४ च्या इंग्रजांशी झालेल्या लढाईत कित्तूरच्या सैन्याने मारलेला इंग्रज कलेक्टर थॅकरे धारवाडचा होता. मग पुढच्या गावाची ओळख आपोआप होते.

धारवाड जवळ आलं की जमिनीकडे बघा. पश्चिमेला तांबडी माती आणि झाडी, पूर्वेला काळं रान. मलनाड संपतो आणि पठारी मुलूख सुरू होतो त्या उंबऱ्यावरच हे गाव बसलंय.

सकाळ कॉलेज रोडला द्या

स्टँडवर उतरल्यावर आधी नाश्ता करा, इडली किंवा डोसा, जे समोर दिसेल ते. मग रिक्षा करून थेट कर्नाटक कॉलेज गाठा. भाडं ‘एष्टरी?’ असं विचारलंत की समोरचा निम्मं तरी मराठीत उत्तर देतो. जुन्या पिढीतल्या बऱ्याच जणांना मराठी येतं. पण सुरुवात आपण कन्नडने करावी, एवढा मान राखावा.

कर्नाटक कॉलेज १९१७ चं. मुख्य दगडी इमारत त्याहून जुनी आहे. ती मुळात सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य कार्यालय होती. रेल्वेची कचेरी गेली आणि तिथे वर्ग भरू लागले. गेटवर सांगून आत जा, व्हरांड्यातून एक चक्कर मारा. तास चालू असेल तर आवाज कमी ठेवा.

तिथून विद्यापीठ. तीन-साडेतीन किलोमीटर असेल, पण चढ आहे, रिक्षाच करा. कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं १९४९ साली, आणि झालं मुंबईत. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाच्याच छायेत होती. वर्षभरात ते धारवाडला आलं आणि कुलगुरू डी. सी. पावटे यांच्या काळात डोंगरावर विस्तारलं. आवार इतकं मोठं आहे, की सगळं बघायच्या भरीस पडू नका. दोन गोष्टी करा. एक, कन्नड संशोधन संस्थेचं संग्रहालय. संस्था विद्यापीठाहून जुनी, १९३९ ची. तिथले शिलालेख आणि मूर्ती निवांत बघा. दुसरी, झाडाखाली अर्धा तास बसा. खांद्याला पिशव्या लावलेली पोरं-पोरी जातात, कुणी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक पुढ्यात घेऊन पाठ करत असतं. तालुक्या-तालुक्यांतून आलेली ही मुलं खोल्या घेऊन राहतात. सप्तापूर भागात तर घरटी क्लास नाहीतर पी. जी., म्हणजे पेइंग गेस्टच्या खोल्या. तुमच्याबरोबर दहावी-बारावीचं मूल असेल, तर हा अर्धा तास चुकवू नका. आमच्या मुलीने तिथेच एका अनोळखी मुलीशी बोलून घेतलं. त्या दहा मिनिटांत तिला जे कळलं, ते मी वर्षभर सांगत होते.

दुपारचं जेवण

खानावळीत जा, हॉटेलात नको. ज्वारीची भाकरी, कडक किंवा मऊ, तुम्ही मागाल तशी. भरली वांगी म्हणजे तिथली ‘एण्णगाई’, एखादी उसळ, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, दही, वर कच्चा कांदा आणि मेथीची पानं. बेळगावकराला यात नवीन काय, असं वाटेल. चव वेगळी आहे. एण्णगाईत तीळ, कारळं आणि शेंगदाणे असे भाजून घातलेले असतात, की रस्सा दाट आणि किंचित कडसर लागतो. एकनंतर गर्दी वाढते, साडेबाराला बसलात तर भाकरी तव्यावरून थेट ताटात येते.

दुपारनंतर दोनच घरं

धारवाडने दोन मोठी माणसं सांभाळून ठेवली आहेत. एक पंडित मल्लिकार्जुन मन्सूर. त्यांचं ‘मृत्युंजय’ हे घर स्मारक म्हणून जपलंय. जयपूर-अत्रौली घराण्याचा हा गवई मराठी नाट्यपदंही गायचा आणि कन्नड वचनंही, म्हणजे लिंगायत संतांची पदं. ऐकत वाढलेल्या माणसाला त्या घरात शिरताना घसा दाटून येतो, मला आला. जाण्याआधी हेडफोन लावून त्यांचा एखादा राग ऐका, मग उंबरा ओलांडा.

दुसरे द. रा. बेंद्रे. कन्नडचे एवढे मोठे कवी, १९७३ चं ज्ञानपीठ मिळालेले, आणि घरची भाषा मराठी. शिकले पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, सोलापूरला काही वर्षं प्राध्यापकी केली, पण जीव साधनकेरीच्या तळ्याकाठी रमला. तिथे त्यांचं घर आहे, बेंद्रे भवन आहे आणि समोर तळं. चारच्या सुमाराला पोचा. तळ्याकाठचा बाक मिळाला तर तासभर हलू नका.

मराठी वाचकाने आणखी एक नाव मनात ठेवावं: कथाकार जी. ए. कुलकर्णी. बेळगावात शिकलेला हा माणूस आयुष्यातली बरीच वर्षं इथल्या जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होता, लोकांपासून लांब, अगदी गुपचूप. त्यांच्यासाठी पाटी शोधत फिरू नका. संध्याकाळच्या उजेडात एखाद्या झाडांच्या बोळातून चाला, तेवढं पुरतं.

गिरमिट, आणि मग पेढा

पाच वाजले की गिरमिट खा. चुरमुऱ्याला चिंच-गूळ-कांद्याचा शिजवलेला मसाला, पुठाण्याची (भाजक्या डाळ्याची) पूड, वर शेव, कोथिंबीर, आणि शेजारी गरम मिरची भजी. कालवल्याबरोबर खायचं, फोटो काढत बसलात की चुरमुरे मऊ पडतात.

पेढा शेवटी घ्यायचा, लाइन बझारमध्ये. उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने तो इथे रुजवला. दुकानासमोर रांग असते आणि माल संपला की संपला, म्हणून सहाच्या पुढे ढकलू नका. गवळ्यांच्या म्हशीच्या दुधाचा खवा तपकिरी होईपर्यंत परतलेला, वरून पिठीसाखरेचा हात. एक तिथेच तोंडात टाका. बोटांत धरला की आधी साखर बोटाला लागते, दाताखाली रवाळ येतो, आणि मागून खरपूस दुधाची चव येते. कृष्णेकाठच्या पांढऱ्या पेढ्याशी तुलना करायची नसते. प्रवासात डबा आडवा करू नका, चुरा होतो.

परतीची गाडी सातच्या आत धरा. या वेळी डावीकडची खिडकी घ्या. तेगूर गेलं की पश्चिमेच्या डोंगरांमागे उजेड मावळत असतो, आणि मांडीवर डबा.