वचनं पाठ आहेत, पण येत नाहीत: घरच्या पाठांतरातल्या या चुका टाळा

घरीच शाळा चालवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबात बायबलमधली वचनं (क्रमांक दिलेल्या ओळी) पाठ करण्याची गाडी बहुधा तिसऱ्या महिन्यात अडते. भिंतीवरचा तक्ता भरलेला असतो, खुणा झालेल्या असतात. पण मागच्या महिन्यातलं एखादं वचन विचारलं की मुलं आईकडे बघतात आणि आई तक्त्याकडे. अशा कुटुंबाला मदत करायची असेल तर आधी बघा की ते मोजतात काय. नव्यानं घेतलेली वचनं मोजत असतील, तर खालच्यापैकी निदान चार चुका त्या घरात सापडतीलच.

सगळ्यांनी एका सुरात म्हणणं

ही सर्वांत मोठी चूक, आणि दिसायला सर्वांत गोड. सकाळच्या प्रार्थनेला तीन मुलं स्तोत्र २३ म्हणतायत. थोरली अकराची, तिचा आवाज खणखणीत. मधला आठचा, धाकटी पाचची. सहाच्या सहा वचनं न अडखळता होतात आणि आईवडील स्तोत्रावर खूण करून पुढे जातात. सहा आठवड्यांनी पाहुण्यांसमोर मधल्याला एकट्याला उभं केलं जातं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ झोकात होतं, हिरव्यागार कुरणातून तो थेट नीतिमार्गावर उडी मारतो आणि तिथं थांबतो. मग ओरडा, मग रडणं. पोराची चूक काहीच नसते. एकटा तो ते स्तोत्र कधी म्हणालेलाच नसतो. तो थोरलीच्या अर्धा अक्षर मागून चालत होता आणि वाक्यांची शेपटं पकडत होता.

उडी त्याच जागी का पडते, हेही समजून घ्या. प्रचलित मराठी भाषांतरात दुसऱ्या आणि तिसऱ्या वचनात ओळीनं चार वाक्यं ‘तो’नं सुरू होतात. सुरुवात सारखी असली की मूल कुठल्याही ‘तो’वरून कुठल्याही ‘तो’वर जातं. दुसरी अडचणीची जागा तिसऱ्या आणि चौथ्या वचनाच्या सांध्यावर आहे. तिथपर्यंत परमेश्वराविषयी बोलणं चालू असतं, चौथ्यात एकदम ‘तू माझ्याबरोबर आहेस’ येतं. पाठांतर वाक्याच्या मध्यावर क्वचित तुटतं, सांध्यावर हमखास तुटतं. म्हणून सांधे वेगळे घोटून घ्या. तिसऱ्या वचनाचे शेवटचे तीन शब्द आणि चौथ्याचे पहिले तीन एवढंच, पाच वेळा. अख्खं स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावू नका. त्यानं पहिलं वचन आणखी पक्कं होतं आणि शेवटचं तेवढंच कच्चं राहतं.

एका सुरात म्हणणं वाईट नाही, पण ती परीक्षा नव्हे. प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा एकट्यानं, भावंडं दुसऱ्या खोलीत असताना म्हणायला लावा. ज्याला एकट्याला येतं त्याच्याच नावापुढे खूण.

लगेच शब्द पुरवणं

मूल थांबलं की पालकांच्या तोंडून पुढचा शब्द सुटतोच. आठवण्याची धडपड हेच तर पाठांतर, आणि तीच आपण हिरावून घेतो. मनात पाचपर्यंत मोजा, मग फक्त पहिलं अक्षर द्या. पुस्तकात बघून वीसदा वाचलं की येतं, असं मानणाऱ्यांसाठी: मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे निघाले. ‘आत्ता तर येत होतं!’ या तक्रारीचं मूळ इथंच आहे.

बघून वाचणं आणि न बघता म्हणणं यांच्या मधली पायरी हवी असेल तर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मात्रेसकट लिहून द्या: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ याचं प मा में आ, म का उ प ना. विरामचिन्हं ठेवा, त्यांच्यावर श्वास टेकतो. दोन-तीन दिवसांनी हा कागदही काढून घ्या. नाहीतर मूल कागद पाठ करतं.

उजळणीची पेटी वेळापत्रकावर चालवणं

एकेका वचनाचं एकेक कार्ड, अशा कार्डांची पेटी बऱ्याच घरांत असते. तिच्यात ४१ दुभाजक लागतात: ‘रोज’चा एक, ‘विषम’ आणि ‘सम’ तारखांचे दोन, वारांचे सात, तारखांचे एकतीस. नवं कार्ड ‘रोज’मध्ये. ते पक्कं झालं की विषम किंवा सममध्ये, तिथून एखाद्या वारात, शेवटी एखाद्या तारखेत. रोज चार कप्पे उघडायचे: ‘रोज’, विषम किंवा सम, आजचा वार, आजची तारीख. आठवड्याला एक नवं कार्ड धरलं तर तारखेच्या कप्प्यात पोहोचेपर्यंत ते साधारण एकवीस वेळा म्हटलं जातं: आठवडाभर रोज, मग दोन आठवडे दिवसाआड, मग सात आठवडे आठवड्यातून एकदा. वर्षअखेरीस बावन्न कार्डं झाली तरी रोजची चार-पाचच निघतात. दहा मिनिटांत आटोपतं.

पद्धत उत्तम, पण घाई तिचा जीव घेते. रविवार उजाडला म्हणून कार्ड पुढे सरकवलं जातं, ते येतंय की नाही हे न बघता. महिन्याभरात पेटी कच्च्या कार्डांनी फुगते आणि रोजची दहा मिनिटं चाळिसावर जातात. मग पेटी कपाटावर. कार्ड पुढे सरकवायचा माझा नियम कडक आहे: सलग तीन दिवस, एकट्यानं, एकही शब्द न पुरवता. तारखेच्या कप्प्यातलं कार्ड दोनपेक्षा जास्त वेळा अडखळलं तर परत वाराच्या कप्प्यात. ही शिक्षा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. ‘रोज’मध्ये एका वेळी एकच कार्ड. त्यात तीन घालणाऱ्या उत्साही पालकांना मी थांबवायचा प्रयत्न करत नाही, पेटी थांबवतेच. आजारपणात आठवडा बुडाला तर बुडालेले कप्पे भरून काढू नका. आजची तारीख उघडा आणि सुरू करा.

थोडक्यात, पण वारंवार दिसणाऱ्या

संदर्भ शेवटी घाईत उरकला जातो. तो आधी आणि नंतर, दोन्हीकडे म्हणा: ‘स्तोत्र १२१, वचन १’, मग वचन, मग पुन्हा संदर्भ.

घरात छापील पुस्तक एका भाषांतराचं आणि मोबाइलवर दुसरं. एक निवडा, कार्डं त्यातूनच लिहा.

चाल लावलेली वचनं चालीशिवाय म्हणवून घ्या. निम्मी मुलं तिथं अडकतात.

दहा आज्ञा बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकातल्या अध्याय २० मधून घेतल्या असतील तर ‘अनुवाद’ पुस्तकातला अध्याय ५ त्याच वर्षी नको. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेचं कारण तिथं वेगळं आहे, एकीकडे सृष्टीची निर्मिती, दुसरीकडे मिसरातली गुलामी. कोवळ्या वयात दोन्हींची खिचडी होते.

यिर्मया २९:११ (अध्याय २९, वचन ११) हे आशेचं वचन एकटं पाठ करणं. त्याआधीच्या वचनात बाबेलमधल्या बंदिवासाची सत्तर वर्षं आहेत, तीही घ्या. फिलिप्पै ४:१३ ला ११ आणि १२ जोडूनच.

खोड केली म्हणून शिक्षा म्हणून वचन लिहायला लावणं. हे करू नकाच.

बक्षिसाची चॉकलेटं नव्या वचनाला मिळतात आणि उजळणीला कधीच नाही. द्यायचीच असतील तर तारखेच्या कप्प्यातल्या कार्डाला द्या.

आईवडिलांचं स्वतःचं कार्ड नसणं. मुलांना हे पहिल्या आठवड्यातच कळतं.

मोठ्या अध्यायानं सुरुवात

येशूचं डोंगरावरचं प्रवचन म्हणजे मत्तयाच्या पुस्तकातले अध्याय ५ ते ७, एकूण १११ वचनं. उत्साहाच्या भरात तिथून सुरुवात करणारी बरीच घरं सुरुवातीच्या धन्यवचनांपाशीच (‘धन्य’ने सुरू होणाऱ्या वचनांपाशीच) थांबतात. आधी स्तोत्र ११७ घ्या, दोनच वचनं. मग १००, पाच. मग स्तोत्र १, सहा. मग १२१, आठ. ही एकवीस वचनं प्रत्येकाला एकट्यानं आली की मत्तय ५ उघडा, आणि तेही पहिल्या बारा वचनांपुरतं.